टाचण्यांचा हिशेब

मी पर्नेल. हेरफर्डच्या टाचणीवाल्याची मुलगी.
राजवाड्यात माझं काम एवढंच:
सकाळी टाचायचं, रात्री सोडवायचं,
आणि मोजायचं.

लोकांना वाटतं राणीचा झगा शिवलेला असतो.
नसतो.
बाह्या वेगळ्या, छाती वेगळी,
गळ्याभोवतीची खळ दिलेली झालर वेगळी.
तीनशे बारा टाचण्या लागल्या
की त्या तुकड्यांची राणी सिसिली होते.
राज्याचंही तसंच असावं.
वेल्स एकीकडून सुटतं, उत्तरेकडचे डोंगर दुसरीकडून,
आणि रोज सकाळी कुणीतरी दात ओठांवर रोवून
ते पुन्हा जागेवर आणतं.

थेम्स गोठली त्या वर्षी ती गादीवर आली.
वय चोवीस. पहिल्याच आठवड्यात
दरबाऱ्यांनी नवऱ्यांची यादी आणली:
एक दोनदा विधुर झालेला,
एक कर्जात मानेपर्यंत,
एकाचे दुधाचे दात अजून पडायचे होते.
तिने यादी शेवटपर्यंत वाचली. म्हणाली,
"पर्नेल, टाचणी दे."
आणि तो कागद पलंगाच्या पडद्याला टोचून ठेवला.
सतरा वर्षं तिथेच होता.
यादीतले दोघे वारले, एक आजोबा झाला,
दुधाच्या दातवाल्याने आमच्यावर स्वारी केली.

मग रॅव्हन्सडेलचा अर्ल फिरला.
एकाच दाईच्या अंगावर दोघं वाढलेली;
लहानपणी तो तिला चिमण्यांची घरटी दाखवायचा, म्हणे.
सहीचा कागद आला तेव्हा
टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.
पडली. माझ्याच हातून.
अकरा सरदार दचकले.
ती नाही. तिने नाव पूर्ण लिहिलं,
शेवटच्या अक्षराची शेपटीसुद्धा.

रात्री मोजल्या. पडलेली धरूनही एक कमी.
मी गुडघ्यांवर बसून गवताची चटई चाचपत राहिले.
तिने मूठ पुढे केली, उघडली.
टाचणी तळव्यात आडवी रुतलेली.
"लागलं का बाईसाहेब?"
"मोज," ती म्हणाली.

तीनशे बारा.

पुढे तीन उन्हाळे पावसाने कुजले.
लोक वाटाण्याच्या पिठात भुसा मिसळून भाकऱ्या भाजत.
बायका वाड्याच्या फाटकावर त्या भाकऱ्या फेकून मारत,
दगडासारख्या वाजत त्या.
तिने अर्धी कोठारं उघडली,
अर्धी फौजेसाठी राखली, किनाऱ्याबाहेर शिडं दिसत होती म्हणून.
बरोबरच असेल. मला युद्धातलं काय कळतं?
माझी बहीण गुडिथ त्या फेब्रुवारीत गेली.
हेरफर्ड राखलेल्या अर्ध्यात होतं.

निरोप मिळाला त्या सकाळी
मी झालर लावत होते, कानाखाली,
जिथे शीर उडताना दिसते.
माझा हात थांबला.
आरशात तिने मला पाहिलं.
सगळं कळलं असावं, कारण तिचे डोळे मिटले,
आणि मान
थोडीशी, अगदी थोडीशी,
माझ्याकडे कलली.

किती वेळ, सांगता येत नाही.
मग मी टाचणी कापडातून पार केली
आणि पुढची उचलली.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.
फक्त त्या वर्षी हेरफर्डचा कर माफ झाला.
मेलेल्यांचासुद्धा.

म्हातारपणी ती आटत गेली, टाचण्या वाढत गेल्या.
तीनशे चाळीस. चारशे.
आत मूठभर हाडं, बाहेर तेवढीच रुंद राणी.
परदेशी वकील परत जाऊन सांगायचे,
बाई काही थकत नाही.

आता नवा राजा आलाय. त्याला बटणं आवडतात.
काल कारकुनाने माझ्याकडचा डबा ओतून घेतला,
ओठ हलवत मोजल्या.
"चारशे सहातली एक कमी आहे."
मी म्हटलं, हो.
तो माझ्या पगारातून कापणार आहे, एक फार्दिंग.
कापू दे.